स्पोर्ट्स कार : हौस की गुंतवणूक?



मागच्या सभेनंतर एक गृहस्थ मुद्दाम थांबले. निवृत्तीच्या पैशातून केलेली दहा लाखांची मुदत ठेव मोडावी का, असं त्यांना विचारायचं होतं. मुलाला वापरलेली, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार घ्यायची होती. त्याचं म्हणणं असं, "बाबा, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. अशा गाड्यांची किंमत वाढतच जाते." त्या दिवशी मी घाईत होतो, उत्तर अर्धवट राहिलं. आज तेच नीट पाहू.

मुलगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाच्या फक्त ३६ गाड्या बनवल्या. अमेरिकेत तेव्हा तिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात त्यांतली एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण मधली वर्षं कोणी सांगत नाही. याच ३६ मधली एक गाडी टेक्सासमधल्या एका शाळेला मुलांना वाहनदुरुस्ती शिकवण्यासाठी देऊन टाकली होती. शाळेने ती १९७२ मध्ये ६,५०० डॉलरना विकली. म्हणजे दहा वर्षांत किंमत निम्म्याहूनही खाली आली होती. पुढे १९८० च्या दशकात या गाड्यांना मोठी तेजी आली, १९९० नंतर भाव कोसळले आणि मग पुन्हा चढले. ज्याला मधेच घरच्या अडचणीसाठी पैसा लागला, त्याला मिळेल त्या भावाला गाडी काढावी लागली असती.

आता अलीकडची गाडी घेऊ. १९९० च्या दशकातली 'मॅकलॅरेन एफ१', एकूण १०६ बनल्या. २०२१ मध्ये एक गाडी २ कोटी ४ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. ती गाडी पाव शतकात ४०० किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. यातली गंमत लक्षात आली का? किंमत आली ती गाडी न चालवल्यामुळे. चालवली तर भाव उतरतो, आणि नुसती झाकून ठेवली तर हौस कसली?

बाकीच्या आधुनिक स्पोर्ट्स कार हजारोंनी बनतात. त्यांचं काय होतं, याचा अंदाज तुमच्याच घरात आहे. कोणत्याही गाडीचं विमापत्र काढा. त्यात 'आयडीव्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. नेहमीच्या कोष्टकानुसार सहा महिन्यांनंतर १५ टक्के, दोन वर्षांनंतर ३० टक्के आणि चार वर्षांनंतर ५० टक्के घट धरतात. गाडी कुटुंबाची आहे की शर्यतीच्या थाटाची, हे ते कोष्टक विचारत नाही.

आता हिशेब करू. दहा लाख रुपये ७ टक्के व्याजाने, चक्रवाढीने दहा वर्षं ठेवले तर साधारण १९ लाख ६७ हजार होतात. गाडी घेतली तर विमा, दुरुस्ती, टायर, महागडे सुटे भाग हे सगळं आलं. दरवर्षी ६० हजार धरा. तेच ६० हजार वर्षाअखेरीस ठेवीत टाकत गेलात, तर दहा वर्षांत त्यांचे सुमारे ८ लाख २९ हजार होतात. दोन्ही मिळून जवळजवळ २८ लाख. व्याजावरचा कर वेगळा, पण ढोबळ चित्र हेच. म्हणजे दहा लाखांची गाडी दहा वर्षांनी २८ लाखांना विकली गेली, तर कुठे आपण ठेवीच्या बरोबरीला येतो. गाडी कर्जाने घेतली असेल, तर कर्जाचं व्याज आणखी वर.

काही जण म्हणतात, "जुनी झाली की ती व्हिंटेज होईल." आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी लागते, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्याआधी, पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. पन्नास वर्षं थांबणं छोट्या बचतदाराच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून कोणी गाडीला गुंतवणूक म्हटलं, की चार प्रश्न विचारा. अशा गाड्या जगात किती आहेत? सांभाळण्याचा वार्षिक खर्च किती? उद्या पैसे लागले तर आठवड्याभरात गिऱ्हाईक मिळेल का? आणि किंमत निम्मी झाली, तर घरातलं कोणतं काम अडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'औषधपाणी' किंवा 'शिक्षण' असेल, तर तिथेच थांबा.

गाडीची हौस वाईट नाही. पण हौस ही खर्चाच्या रकान्यात लिहावी. त्या गृहस्थांना माझं सांगणं असं : ठेव मोडू नका. ती तुमच्या म्हातारपणाची आहे, मुलाच्या अंदाजाची नाही. मुलाने स्वतःच्या पगारातून आवर्ती ठेव सुरू करावी. पाच वर्षांनी पैसे जमतील, तेव्हाही गाडी हवीशी वाटली तर त्याने खुशाल घ्यावी. बुडाली तर त्याची हौस बुडेल, तुमचा आधार नाही.