निबंधांची संख्या आणि पाण्याची शुद्धता
(सिल्लोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



वैज्ञानिकाचे कर्तृत्व मोजण्याची विद्याक्षेत्रातील रूढ रीत सोपी आहे. किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि इतर संशोधकांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, हे दोन आकडे पुरेसे मानले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत काविळीच्या विषाणूंचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या डॉ. विद्या अरणकल्ले यांचे लेखन पाहिले, की आणखी एक माप हाती येते. एका निबंधातून उभा राहिलेला प्रश्न पुढच्या निबंधाने सोडवला काय, आणि ते उत्तर सामान्य माणसाच्या घागरीपर्यंत पोहोचले काय?

या अभ्यासाची पार्श्वभूमी जुनी आहे. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'हिपॅटायटीस ए'ची साथ, असाच तेव्हा समज होता. त्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तजल पुणे येथील संस्थेच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी पुढे तपासले. १९८० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आला, की ही कावीळ 'ए'चीही नाही आणि 'बी'चीही नाही. काश्मीरमधील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू याच निर्णयाप्रत आले होते. रोग समोर होता. त्याचा कर्ता मात्र अज्ञात होता.

डॉ. अरणकल्ले यांचे कार्य या टप्प्यावर महत्त्वाचे ठरते. १९८८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्येच विषाणूसदृश कणांचा या काविळीशी असलेला कार्यकारणसंबंध मांडला. या विषाणूला पुढे 'हिपॅटायटीस ई' हे नाव रूढ झाले. १९९४ साली भारतातील अनेक साथींचे रक्तजल नव्या चाचण्यांनी तपासले गेले आणि पाण्यातून पसरलेल्या बहुतेक साथींमागे 'ई' असल्याचे स्पष्ट झाले. त्याच निबंधात आणखी एखादा अज्ञात विषाणू असावा, अशी शंकाही नोंदवलेली आहे. उत्तर देतानाच नवा प्रश्न प्रामाणिकपणे पुढे ठेवणे, हे जातिवंत संशोधनाचे लक्षण होय.

१९९५ च्या निबंधात पुणेकरांच्या १९८२ व १९९२ मधील रक्ततपासण्यांची तुलना आहे. 'ए'ची लागण लहानपणीच, बहुधा नकळत होऊन जाई. 'ई'च्या खुणा मात्र मुलांत क्वचित आणि प्रौढांत अधिक आढळल्या. साथीत कर्ती माणसेच का आडवी होतात, याचा उलगडा त्यातून झाला. डुकरांतून हा रोग येतो काय, या प्रश्नाचा शोध २००२ सालच्या निबंधात आहे. पश्चिम भारतातील डुकरांत सापडलेला विषाणू आणि माणसांत सापडलेला विषाणू वेगवेगळ्या जनुकीय प्रकारांचे निघाले. साहजिकच साथीच्या मुळाशी असलेल्या दूषित पाण्याकडेच बोट अधिक ठामपणे वळले.

२००९ साली गुजरातमधील मोडासा येथे 'हिपॅटायटीस बी'ने अनेकांचे बळी घेतले. त्याच्या अभ्यासात विषाणूतील बदलांबरोबरच नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांचा संबंध नोंदवला गेला. त्याच वर्षी 'ई'विरुद्धच्या संभाव्य लसींचे माकडांवरील प्रयोगही प्रसिद्ध झाले. चीनमध्ये अशा लसीला २०११ साली मान्यता मिळाली.

अजिंठ्याच्या वाटेवरील सिल्लोडला या विद्वत्तेचे काय? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आणि पावसाळ्यात गढूळ पाणी भरणाऱ्या तालुक्याला ती फार जवळची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई'ची कावीळ झालेल्या स्त्रियांपैकी शंभरात वीस ते पंचवीस दगावू शकतात. एका वेळी दोन जीवांचा हा प्रश्न आहे. अशा वेळी गळ्यात काविळीची माळ घालून ती लांबते किती, हे पाहत बसणे म्हणजे मोलाचे दिवस गमावणे होय. गर्भवतीचे डोळे पिवळे दिसताच तिला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. एका गल्लीत दोन-चार घरी कावीळ दिसली, तर आरोग्य केंद्राला कळवावे. नळाची वाहिनी गटाराजवळ फुटली आहे काय, हे पाहावे आणि पाणी उकळूनच प्यावे. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण विषाणू त्याने मरतो असे नाही.

दिल्लीच्या साथीतील रक्तजल कुणीतरी जपले, म्हणून पंचवीस वर्षांनी त्याने सत्य सांगितले. ते सत्य आता छापील पानांवर सर्वांना उपलब्ध आहे. विद्वानांनी त्याचा आधार घेतलाच आहे. तो प्रत्येक घरातील पाण्याच्या हंड्यालाही मिळावा, यातच त्या निबंधांचे सार्थक आहे.