परदेशगमन आणि कुटुंबधर्म
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार मानीत असतां आपणां सर्वांचें मन कांहीं रिकाम्या जागांकडे वळल्यावांचून राहत नाहीं. ज्यांचा स्नानसंस्कार ह्याच देवळांत झाला, ज्यांनीं ह्याच वेदीपुढें प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला, त्यांपैकीं कित्येक आज आखाती देशांत, इस्राएलांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत आहेत. आणि येथें बसलेल्या तरुणांपैकींहि पुष्कळांच्या मनांत तोच विचार घोळत आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. कारण त्यासाठीं लागणारे दाखले मागावयास ते आमच्याकडेच येतात. म्हणून आज ह्याच विषयावर चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें स्पष्ट सांगतों कीं, देश सोडणें हें पाप नव्हे. आपल्या वसईच्या भूमींत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया तरुणपणींच समुद्र ओलांडून जपानांत गेला, तेथील भाषा त्यानें आत्मसात् केली, पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाला, आणि दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत जाऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यानें क्रुसावर प्राण अर्पिला. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५२ सालीं स्थलांतरितांविषयीं जें आज्ञापत्र प्रसिद्ध केलें, त्याच्या आरंभींच मिसर देशांत आश्रय घेणारें नाझरेथचें पवित्र कुटुंब हा सर्व परागंदा कुटुंबांचा आदर्श म्हणून पुढें ठेविला आहे. तेव्हां जाणाऱ्यास दोष देणें हा आमचा हेतु नाहीं.

परंतु एक गोष्ट बदलली आहे. पूर्वीं मनुष्य भाकरीसाठीं घर सोडीत असे. आज पुष्कळजण निराळ्या राहणीसाठीं सोडतात. स्वच्छ हवा, रुंद रस्ते, मुलांचें शिक्षण, कचेरींत लांच न देतां होणारें काम, ह्या गोष्टी त्यांस हव्या असतात, आणि त्या हव्याशा वाटणें स्वाभाविक आहे. मात्र प्रत्येक राहणीला तिची किंमत असते. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत आपण ऐकला आहे. येथें धुणीभांडीं करावयास बाई येते. तेथें तें सर्व आपल्याच हातांनीं करावें लागतें. येथें परिचारिका किंवा शिक्षक म्हणून मान मिळविलेल्या मनुष्यास कॅनडांत त्या त्या प्रांताचा परवाना मिळेपर्यंत आपला व्यवसाय करितां येत नाहीं. तोंवर मिळेल तें काम पत्करावें लागतें. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत तर सरकारी वैद्यकीय विमा लागू होण्यास आगमनाचा उरलेला महिना आणि त्यापुढील दोन महिने थांबावें लागतें. तेवढ्या काळाचा विमा स्वतः काढला नाहीं, तर एका आजारानें सारी शिल्लक संपेल. हीं माणसें वाईट नव्हेत, तो देशहि वाईट नव्हे; परंतु घरांतून निघण्यापूर्वीं हा हिशेब पतिपत्नींनीं एकत्र बसून केलेला असावा.

येथें कोणी म्हणेल, "फादर, कागद, बँक, जमीन, एजंट ह्या संसारी कटकटी, वेदीवरून त्यांचें काय काम?" आमचें आजचें सांगणें तें हेंच आहे. ह्या कटकटी नव्हेत. मागें राहणाऱ्या माणसांवरचें आपलें प्रेम हें बहुधा ह्याच गोष्टींत दिसून येतें किंवा दिसत नाहीं. पवित्र शास्त्रांतील तोबिताचें पुस्तक उघडून पाहा. आंधळा झालेला वृद्ध तोबित आपल्या एकुलत्या मुलास दूर देशीं पाठवितो. तो केवळ आशीर्वाद देऊन थांबत नाहीं. गाबाएलाकडे ठेवलेल्या दहा तालांत रुप्याचा लेखी करार तो मुलाच्या स्वाधीन करितो; वाटाड्या म्हणून येणाऱ्याचें कूळ, गोत्र आणि घराणें विचारतो; रोजची मजुरी एक द्राखमा अशी आधींच ठरवितो; आणि ह्या सर्वांच्या पूर्वीं, आईचा आयुष्यभर सांभाळ कर, असें बजावतो. कागद, वाटाड्या, पैसा आणि आईबाप, ह्या चारहि गोष्टी तेथें आहेत. त्याच क्रमानें आपण पुढें जाऊं.

पहिली गोष्ट कागदाची. आपल्यांतील पुष्कळांचें नांव शाळेच्या दाखल्यांत एक, पासपोर्टांत दुसरें आणि स्नानसंस्काराच्या वहींत तिसरें असतें. आडनांवाचीं अक्षरें तर पिढीगणिक बदलतात. येथें कोणी हरकत घेत नाहीं, परंतु परक्या देशाच्या कचेरींत तीं तीन माणसें ठरतात. व्हिसाची तारीख जवळ आल्यावर आमच्याकडे धांवत येऊन, "वहींत एवढें अक्षर बदला," असें कोणी म्हणूं नये. योग्य पुरावा आणि अधिकाऱ्यांची संमति असल्यावांचून वहींत फेरफार करितां येत नाहीं. एक वर्ष आधीं या, म्हणजे सर्व रीतसर होईल. जन्माचे, विवाहाचे व शिक्षणाचे दाखले परदेशीं मान्य व्हावे म्हणून त्यांवर आधीं राज्य सरकारची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर लागते. ह्या मोहोरेस अपोस्टील म्हणतात. भारतांत ती २००५ पासून चालू आहे, आणि कॅनडानेंहि ११ जानेवारी २०२४ पासून ती मान्य केली आहे.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. आपल्या काळाचा वाटाड्या म्हणजे एजंट. तोबितानें देवदूत राफाएलालाहि घराणें विचारलें. मग आपण अनोळखी मनुष्यास त्याच्या गोड बोलण्यावर लाखों रुपये कां द्यावे? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वयें परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्याजवळ सरकारी नोंदणी असावी लागते, आणि ती आहे कीं नाहीं हें परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट ह्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतें. नियमानें अशा एजंटास सेवेचे म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेंच घेतां येतें, व त्याची पावती द्यावी लागते. जे दहावी उत्तीर्ण नाहींत, त्यांस आखाती देशांसह कांहीं ठरावीक देशांत नोकरीस जातांना सरकारी परवानगी घ्यावी लागते. पर्यटकाच्या व्हिसावर पाठवितों, तेथें गेल्यावर बदलून घेऊं, असें जो सांगतो, तो हीच परवानगी चुकवीत असतो. त्याच्यामागें जाणाऱ्याचें पुढें काय होतें, तें पासपोर्ट मालकाच्या पेटींत अडकलेल्या माणसांच्या आयांना विचारा.

तिसरी गोष्ट पैशाची आणि जमिनीची. देशांचे नियम वाऱ्यासारखे फिरतात. एकट्या विद्यार्थ्यानें निर्वाहासाठीं दाखवावयाची रक्कम कॅनडानें १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत २०२५ साठीं कायम रहिवाशांचा आंकडा ५,००,००० वरून ३,९५,००० वर उतरविला. अशा स्थितींत केवळ आशेवर वाडी गहाण टाकूं नका. जो पैसा कर्ज म्हणून घ्याल, तो कोण, कोणत्या मिळकतींतून फेडणार हें लिहून ठेवा. जामीन राहिलेल्या भावाच्या गळ्याला फास लावून परदेशीं सुख भोगणें हा न्यायाचा भंग आहे. येथील बँकेस आपण अनिवासी झाल्याचें कळवून जुनें बचत खातें अनिवासी खात्यांत बदलून घ्या. कायद्याप्रमाणें तें आवश्यकच आहे.

जमिनीविषयीं तर फार सावध असावें. परक्या देशाचें नागरिकत्व आपखुशीनें घेतल्याबरोबर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें आपलें भारतीय नागरिकत्व संपतें. २००५ पासून मिळूं लागलेल्या ओ. सी. आय. कार्डानें येण्याजाण्याची आजन्म मोकळीक मिळते. मताचा हक्क मिळत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेण्याचाहि मिळत नाहीं. वडिलांकडून वारशानें आलेली शेतजमीन ठेवतां येते; पण एकदां विकलेली वाडी पुढें पैसे गांठीं असूनहि परत घेतां येणार नाहीं. आजोबांनीं विहीर खणून, केळी आणि पानवेली लावून जी वाडी उभी केली, तिच्याविषयींचा निर्णय विमानाच्या तिकिटाच्या घाईंत होऊं नये. निघण्यापूर्वींच सात-बारावर वारसांचीं नांवें चढवून घ्या, भावंडांचे हिस्से उजेडांत ठरवा. कुलमुखत्यारपत्र द्यावयाचें तर तें विश्वासू माणसास, ठरावीक कामापुरतेंच द्या. परदेशांतून करून पाठविलें, तर भारतांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक शुल्क भरावें लागतें. आपल्यांतील कितीतरी भाऊ एकमेकांशीं बोलत नाहींत; त्यांचें भांडण लोभापेक्षां अर्धवट राहिलेल्या कागदांनीं अधिक पेटलें आहे.

चौथी गोष्ट आईबापांची, आणि ती सर्वांत मोठी. तोबियास निघाला तेव्हां त्याची आई अन्ना रडली. पैसा नसला तरी चालेल, देवानें जें दिलें आहे तेवढें आम्हांस पुरें, असें ती म्हणाली. तिच्या रडण्याला आपण भाबडेपणा म्हणूं नये. आज मुलें दरमहा पैसे पाठवितात. पण रात्रीं दोन वाजतां छातींत कळ आली, तर दवाखान्यांत कोणी न्यावयाचें, हें त्या पैशानें ठरत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं नांवानिशीं ठरवा: औषधें कोण आणील, दवाखान्याच्या कागदावर सही कोण करील, आणि ह्या कामासाठीं राखून ठेवलेला पैसा कोणाच्या हातीं असेल. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा परदेशीं राहणाऱ्या भारतीय नागरिकांसहि लागू आहे. परंतु चौथी आज्ञा त्याहून जुनी आहे, आणि ती नागरिकत्व बदलल्यानें सुटत नाहीं. कॅनडांतील मुलांस आईबापांना सुपर व्हिसावर बोलाविण्याची सोय २०११ पासून आहे, आणि २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. त्यासाठीं निदान १,००,००० डॉलरांचा वैद्यकीय विमा लागतो. ज्यांस शक्य असेल त्यांनीं हा मार्ग अवश्य पाहावा. मात्र आईबाप तेथें केवळ नातवंडें सांभाळणारे चाकर होऊं नयेत.

आतां आत्म्याच्या घराविषयीं. पवित्र सभेच्या कायद्याप्रमाणें एखाद्या ठिकाणीं कायम राहण्याच्या इराद्यानें गेलेला मनुष्य तत्काळ तेथील रहिवासी होतो, आणि तेथील धर्मगुरु हाच त्याचा धर्मगुरु होतो. इरादा नसला तरी पांच वर्षांच्या वास्तव्यानें तेंच घडतें. म्हणून पोंचल्यावर पहिल्याच रविवारीं जवळच्या देवळांत जाऊन आपलें नांव नोंदवा. वर्षानुवर्षें तेथें राहून, "आमचा धर्मग्राम वसईंत आहे," असें म्हणणारा मनुष्य दोहींकडेहि परका होतो. तेथें विवाह झाला, तर त्याची नोंद येथील स्नानसंस्काराच्या वहींत व्हावी लागते. ती आमच्याकडे पोंचली कीं नाहीं, ह्याची चौकशी करा. आणि तेथील भाषा शिका, परंतु स्वतःची सोडूं नका. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, लोकांची वाणी शिकले, आणि त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. परका मनुष्य आपली भाषा एवढ्या प्रेमानें शिकला; मग आपल्या नातवंडांना आजीशीं तिच्या बोलींत चार वाक्यें बोलतां येऊं नयेत, ह्याला काय म्हणावें?

शेवटीं मागें राहणाऱ्यांस दोन शब्द. ज्या घरांत केवळ वृद्ध उरले आहेत, त्या घराचें दार शेजाऱ्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी ठोठावावें. ह्या सुवर्णमहोत्सवाचें एवढें फळ मिळालें, तरी आम्ही कृतार्थ होऊं. आणि जो परदेशांतून अपेशी होऊन परत येईल, त्याची थट्टा करूं नका. लोक काय म्हणतील ह्या भीतीनें कित्येक तरुण तेथेंच हाल सोशीत राहतात. आपल्या माणसांत परत येतां येतें, हें त्यांस येथून जातांनाच ठाऊक असावें.

तोबियास सुखरूप परतला, आणि बापाचे डोळे उघडले. प्रवाशांचा सोबती देवदूत राफाएल आपल्या दूर गेलेल्या लेंकरांबरोबर चालो, त्यांच्या घरांतील दिवा विझूं न देवो, आणि आपणां सर्वांस शेवटीं त्या एकाच घरीं नेवो, जेथून पुन्हां कोणास निघावें लागत नाहीं. आमेन.