रिकाम्या आकाशातील काम

घरच्या संगणकावर मुंबई ते लंडन असे विमान चालविणाऱ्या हौशी वैमानिकाची खरी कसोटी विमान वर नेताना किंवा खाली उतरविताना लागत नाही. ती मधल्या नऊ-दहा तासांत लागते. विमान पस्तीस हजार फुटांवर स्थिरावते, ऑटोपायलट सूत्रे हाती घेतो आणि माणसाला काम उरत नाही. मग कोणी काळाची गती चौपट करतो, कोणी कादंबरी उघडतो, तर कोणी चक्क झोपी जातो.

खऱ्या वैमानिकाला काळाची गती वाढविता येत नाही. मे १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटाच साडेतेहतीस तास उडाला. धुके आणि बर्फ यांच्याइतकेच त्याला झोपेशी झगडावे लागले. पुढे मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घड्याळासारख्या तबकडीवरील काटा क्वचित दुप्पट उडी घेई. ती टिपण्याचे काम माणसांकडे होते. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची सावधता ढळू लागली.

तेव्हा नुसते पाहत बसणे हा उपाय नव्हे. नजरेला काम द्यावयास हवे. प्रत्येक टप्प्यावर वेळ आणि उरलेले इंधन कागदावर मांडून आधीच्या हिशेबाशी ताडावे. या क्षणी इंजिन बंद पडले तर कोणता विमानतळ गाठता येईल, हे नकाशात शोधून ठेवावे. असे करणाऱ्यास वेळ घालविण्याची चिंता उरत नाही, आणि ज्या शांततेला तो कंटाळा समजत होता तीच वैमानिकाची खरी नोकरी असल्याचे त्यास उमगते.