दुर्बीण दारात, प्रयोग कपाटात
(नारायणगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येथून जवळच, खोडदच्या माळावर, जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या या परिसरात दूरवर पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली तारांची जाळी वापरली. वजन घटले, वाऱ्याचा जोर घटला, खर्चही घटला. मग जाळीतून लहरी निसटत कशा नाहीत? जाळीच्या छिद्रांहून त्या लहरींची लांबी कितीतरी मोठी असते, म्हणून.

हा प्रश्न विचारण्याची संधी शेतमजुराच्या मुलीला माध्यमिक शाळेत मिळते काय? जेथे साहित्य कपाटात बंद राहते आणि फळ्यावरचा ‘प्रयोग’ वहीत उतरवून गुण मिळतात, तेथे विज्ञान हेही एक पाठांतरच होते. पाठांतराने प्रश्न विचारणारा नागरिक घडत नाही; आज्ञाधारक उमेदवार तेवढा घडतो.

दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते. ते स्वागतार्हच आहे. परंतु उरलेल्या वर्षाचे काय? 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कर्तव्य सर्वांचे आणि साधने मात्र मूठभरांची, ही विषमता आपण मान्य करता कामा नये.

म्हणून आपापल्या गावच्या शाळेत जा. प्रयोगशाळेचे कुलूप शेवटचे केव्हा उघडले, एवढेच विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.