झाडू आधी मोठ्यांच्या हाती

(बालवाडी शिक्षिका व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लहान मुलांना स्वच्छता कशी शिकवावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या खानदेशात फार पूर्वी मिळालेले आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त कपडे आवरून ठेवीत. त्यांनी कोणाला दंड केला नाही की त्यावर प्रवचन दिले नाही. आपली खोली गुरुजी झाडतात हे पाहून मुलेच ओशाळली आणि स्वतः झाडू लागली.

आज पर्यावरण हा शाळेतील विषय आहे. भिंतींवर घोषवाक्ये आहेत. परंतु तेच मूल एस.टी.त आपल्या मांडीवर बसून जाते आणि वेफर्सचे रिकामे वेष्टन आपण खिडकीबाहेर भिरकावताना पाहते. चार वर्षांच्या बालकाला घोषवाक्य वाचता येत नाही. आपला हात मात्र त्याला नीट वाचता येतो.

हिवाळ्यातील आपल्या भरिताचेच पाहा. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी वाढायची. जेवण आटोपले की पान गुरांच्या पुढ्यात जाई. मागे कचरा उरतच नसे आणि मुलाला तो धडा जेवता जेवता मिळे. पुढे पानाची जागा थर्माकोलच्या ताटल्यांनी घेतली. महाराष्ट्रात २०१८ साली त्यांवर बंदी आली. तरी कायद्याने सवय लागत नाही. जिथे केळीच्या बागा आहेत, तिथे पंगतीला पान मिळू नये?

याहून गंभीर एक गोष्ट आहे. ‘टाक तिथेच, झाडणारा येईल,’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या एका वाक्यातून मूल काय शिकते? टाकणारा मोठा आणि उचलणारा लहान! रस्ता मळला तर पुन्हा झाडता येईल. कोवळ्या मनावर बसलेला हा मळ जन्मभर निघत नाही. म्हणून सकाळी घंटागाडी आली की मुलाला बरोबर न्या. ओला आणि सुका कचरा निराळा करून त्याच्या हातून द्या. गाडीवरच्या माणसाला ‘काका’ म्हणायला शिकवा.

घराची ही सवय साऱ्या गावाची झाली तर काय होते, हे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाड्याने दाखवले आहे. उजाड होत चाललेले जंगल राखायचे, असे तेथील वनवासी बांधवांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ठरवले. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने कुऱ्हाडीला बंदी केली, मोडणाऱ्यास दंड ठेवला. सुमारे ४४५ हेक्टर रान पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धाही भरते. अशा गावातील मुलाला वनस्पतींची नावे पाठ करावी लागत नाहीत. ती त्याच्या ताटात असतात. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या बालवाडीत एक छोटा प्रयोग करा. आषाढात अंगणात दोन खड्डे काढा. एकात केळीचे पान, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी पुरा. दिवाळीच्या सुमारास मुलांकडूनच उकरून घ्या. पानाची माती होत आलेली असेल. पिशवी मात्र तशीच हाती येईल. तेव्हा आपण काही बोलू नका. मुलांना पाहू द्या, प्रश्न विचारू द्या.

आणि एक विनंती. ही सभा संपल्यावर चहाचे पेले आपणच उचलू या. बाहेर मुले खेळत आहेत, ती पाहतील.