नाणं सांधावं की जपावं?



आज मी तुमच्याशी माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. चूक तशी साधी. पण जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलेली एक वस्तू त्या चुकीपायी तीन दिवसांत मोडली, म्हणून सांगतो.

आमच्या अब्बांना जुन्या नाण्यांचा नाद होता. खिशात पैसा नव्हता, पण नजर होती. आठवडी बाजाराला गेले की मोडीच्या दुकानापुढं थांबायचे. तांब्यापितळेची मोड तराजूत पडण्याआधी हातानं चाळून बघायचे. भट्टीत जाता जाता वाचलेली काही नाणी अशी आमच्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात आली. अब्बा गेल्यावर आम्ही दोघा भावांनी तो डबा उघडला, तेव्हा तीनच नाणी उरली होती. एक शिशाचं, एक काळपट मिश्रधातूचं आणि एक चारमिनार छापाचा चांदीचा रुपया.

पहिली दोन सातवाहनांची. आमच्या धाराशिव जिल्ह्यात याचं फारसं नवल नाही. तेरणेकाठचं आपलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर यांची नावं दख्खनच्या मोठ्या बाजारपेठा म्हणून येतात. इथलं कापड गाड्यांत भरून थेट भडोच बंदराला जात असे. एवढी उलाढाल जिथं झाली, तिथल्या मातीत नाणी असणारच. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय पाहिलं नसेल, तर जरूर पाहा.

तर माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याची मुलगी इतिहास शिकते. सातवाहनांची दोन्ही नाणी तिला द्यायची, असं ठरलं. मी ती एकाच कागदात घेतली, जिऱ्याची पुडी बांधावी तशी बांधली, पाकिटात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि दिली पाठवून. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला.

“भाईजान, हत्तीचे दोन तुकडे झाले.”

काळपट नाण्यावर हत्ती होता. सोंड एका तुकड्यावर राहिली, मागचे पाय दुसऱ्यावर. शिशाचं नाणं काठाला दुमडलं होतं. वाटेतल्या हाताळणीला दोष द्यायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू? पण दोन नाणी एकमेकांवर आपटत गेली ती माझ्याच पुडीत.

भाऊ म्हणाला, सोनाराकडून डाग देऊन घेऊ. शेजारचे चाचा म्हणाले, आधी चिंच आणि मीठ लावून चांगलं घासा, मग जोडा. मी मात्र संग्रहालयातल्या वस्तूंची निगा राखण्याचं काम केलेल्या एका परिचितांना गाठलं. त्यांनी दोन्ही उपायांना हात जोडले.

ते म्हणाले, या काळपट धातूला पोटिन म्हणतात. तांबं, कथील आणि शिसं यांचं हे मिश्रण. शतकानुशतकं मातीत राहून ते आतून ठिसूळ होतं. बाहेरून नाणं, आतून बिस्किट! शिसं मऊ असतं, अवघ्या ३२७ अंशांना वितळतं. सोनाराचा डाग त्याच्याजवळ नेला तर हत्ती आणि अक्षरं दोन्ही वाहून जातील. दुमडलेला काठ चिमट्यानं सरळ करायला गेलात, तर वरची जुनी खपली निघेल, कदाचित काठच हातात येईल. आणि चिंच? नाण्यावर जो काळसर-हिरवा थर चढतो, त्याच थरात पुष्कळदा चिन्हाचे बारीक तपशील टिकून असतात. थर घासला की त्यांच्यासकट जातो.

“मग काहीच करायचं नाही का?” मी विचारलं.

“नासणं थांबवायचं. झालेलं झाकायचं नाही,” ते म्हणाले. हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल तर तो धातूचा रोग. तो जाणकाराला दाखवायचा. शिसं लाकडी खोक्यात किंवा साध्या पुठ्ठ्यात ठेवायचं नाही, कारण त्यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यावर पांढरी पूड धरते. ती पूड विषारी असते, म्हणून हात धुवायचे. तुकडे जोडायचेच असतील, तर पुढं कधीही विरघळवून काढता येईल असाच डिंक हवा. आज जोडणाऱ्याला वाटतं आपण बरोबर आहोत. उद्याच्या जाणकाराला ते उलगडता आलं पाहिजे.

मला हे पटलं, ते एका जुन्या गोष्टीमुळं. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवल्यावर आपला छाप मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर घाव बसला, तरी खालचा चेहरा कुठं कुठं दिसतो. कुणी दुरुस्तीच्या हौसेनं तो घाव घासून काढला असता, तर कोण हरलं आणि कोण जिंकलं याचा पुरावाच गेला असता.

आमच्या डब्यातल्या चारमिनारी रुपयाचंही तसंच. १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथलं हे हाली चलन. त्या रुपयाला वर एक कडी डाग देऊन जोडलेली आहे. नाणी जमवणारे म्हणतात, नाणं खराब झालं, किंमत गेली. पण ती कडी अम्मीच्या माळेची. सणासुदीला तो रुपया तिच्या गळ्यात असायचा. ती कडी काढून नाणं ‘दुरुस्त’ करा म्हणणाऱ्याला मी डबाही दाखवणार नाही.

पण श्रोतेहो, राजाचा घाव किंवा अम्मीची कडी यांच्या रांगेत मी माझी पुडी नेऊन बसवणार नाही. ते इतिहासानं केलं, हे आळसानं. म्हणून तुम्हाला सांगतो. जुनं नाणं पाठवायची वेळ आलीच, तर प्रत्येक वेगळं गुंडाळा, मऊ फोममध्ये त्याच्या मापाची खाच करून बसवा, खोक्यात खोका ठेवा आणि कानाशी धरून हलवा. आवाज आला, तर पाठवू नका. खरं तर कुणी जाणारं-येणारं असेल, तर त्याच्या हाती द्या. आणि शेतात नांगराला नाण्यांचा ठेवा लागला, तर तो मोडीत घालू नका की घासू नका. १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पुण्याला गेलो, तेव्हा पुतणीनं दोन्ही तुकडे जोडलेले नव्हते. फोमच्या एकाच खाचेत शेजारी शेजारी ठेवले होते, मध्ये केसाएवढी फट. तुटल्या जागेचा धातू अजून करडा, ताजा दिसत होता.

“बडे अब्बा, सोबत चिठ्ठी ठेवायची आहे. कधी, कसं तुटलं ते. तुम्हीच लिहा.”

मी तारीख घातली. मग ‘प्रवासात तुटले’ एवढंच लिहून तिच्याकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. मी ते खोडलं आणि खाली लिहिलं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे तुटले.’ त्याखाली सही केली. खोडलेली ओळही तिनं तशीच राहू दिली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)