पाय आणि पाऊण

बसा माउली, बसा. ज्यांचे पाय दुखत असतील त्यांनी खुशाल पसरून बसा. कीर्तनात पाय पसरू नयेत म्हणतात, पण आजचं निरूपण पायाचंच आहे, तेव्हा त्याला मोकळीक आहे.

आळंदीहून, देहूहून ज्याच्या जिवावर इथवर आलात, त्याचं नाव कुठून आलं? संस्कृतात शब्द आहे पाद. प्राकृतात त्यातला 'द' गळाला आणि आपल्या मराठीत तो पाय होऊन आला. त्याचं कूळ बघा केवढं! चढायची ती पायरी. घर उभं राहतं तो पाया. चालून चालून रुळते ती पायवाट. पायी लढणारा शिपाई तो पाईक. तुकोबारायांनी पाइकावर अभंग केले, आणि आपण वारकरीही स्वतःला विठोबाचे पाईकच म्हणवतो.

आता दुसरा अर्थ ऐका. पाद म्हणजे चौथा भाग. गाईला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. त्या पादाचाच झाला पाव. मायबाई, तुम्ही पावशेर दूध मागता ना, तेव्हा पायाचंच नाव घेता! देवापुढे सव्वा रुपया ठेवता. सव्वा म्हणजे सपाद, एकावर पाव. आणि पाऊण म्हणजे पादोन. पाद अधिक ऊन. एक पाद उणा तो पाऊण. म्हाताऱ्या मंडळींनी शाळेत पाउणकी घोकली असेल, पण गुरुजींनी हे सांगितलं नसेल.

कोणी म्हणेल, महाराज, एकच पाय गेला, तीन उरले की! बरं, तीन पायांच्या खाटेवर निजून दाखवा.

हा हिशेब आपल्या समाजालाही लागतो, माउली. शास्त्राचं नाव सांगून काही माणसांना पाय ठरवलं, आणि पाय म्हणजे हलका असं ठरवून त्यांना बाहेर ठेवलं. आमचे चोखोबा! मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, तिच्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून नामदेवरायांनी ती पंढरीला आणली, असं परंपरा सांगते. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी पाऊल आत गेलं नाही, देह गेल्यावरही मुक्काम दाराबाहेरच. नामदेवराय तरी कुठे राहिले? दारातल्या पायरीत. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून.

त्यानंतर सहाशे वर्षं गेली! १९४७ सालच्या मे महिन्यात सानेगुरुजी याच पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं. तोवर देवळात गर्दी मावत नव्हती, अभिषेक होत होते, आरत्या होत होत्या. पण मोजायला गेलं तर सगळं पाऊण! पाय बाहेर राहिले होते ना.

आणि दार उघडलं म्हणून हिशेब मिटला असं समजू नका. घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवता का? फडावर पंगत बसली की शेजारी कोण बसलाय ते बघून सरकता का? तर मग तुमची वारी पाऊणच झाली. तुळशीची माळ दिसेल पूर्ण, पण पाव कमी.

पालखीत काय असतं, आठवा. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी पालखी काढली, तिच्यात ठेवल्या पादुका. मुकुट नाही ठेवला. ज्या पायांना जग खाली म्हणतं, त्यांची खूण लाखो लोक खांद्यावर घेऊन निघतात. वारकरी भेटला की आपण वय विचारत नाही, जात विचारत नाही, एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतो. डोकं पायाला लागलं की माणूस पुरा होतो. मग पाऊण उरत नाही.

ज्या मायमाउलींचे पाय यंदा थकले, वारी चुकली म्हणून ज्या दारात बसून रडतात, त्यांनी रडू नये. दिंडी दारावरून जाईल तेव्हा एखाद्या वारकऱ्याच्या पायाला तेल लावा. तुमचा पाव त्याच्या चालण्यात जमा होईल.

आता शेजारी कोण आहे ते न बघता वाका, आणि त्याच्या पायांना हात लावा. बोला, पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!